शाम्याचा शिमशोन झाला

माझ्या भावाला देव सापडला तो गिरणी बंद पडल्यावर. गिरणी चालू असती तर सापडला नसता, कारण बदली कामगारांच्या रांगेत उभं राहायचं आणि पाळी मिळाली तर साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहायचं, यातून त्याला वेळच मिळत नव्हता. माणूस संकटात देवाकडे वळतो म्हणतात. माझा भाऊ कंटाळून वळला. इतकी वर्षं हे मी कुणाजवळ बोलले नाही. आता तो परदेशात आहे, म्हातारा झालाय आणि मराठी वाचणं त्याने केव्हाच सोडलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

त्याचं नाव सॅमसन. लालबागच्या आमच्या चाळीत ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून तो शामू झाला आणि मित्रांत शाम्या. दहीहंडीला तो तिसऱ्या थरावर असायचा, गणपतीच्या मांडवात झांजा बडवायचा. मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, मिल्का. मला सगळे मिलू म्हणायचे, जे उरलेत ते अजून म्हणतात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज तिकडे तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाववाले त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मुंबईत गिरणीत आल्यावर त्यातलं तेलही गेलं आणि शनिवारही गेला. बाबा साचाखात्यात विणकर होते. गिरणीची सुटी रविवारी. सव्वीस वर्षं ते दर शुक्रवारी संध्याकाळी आईने लावलेल्या दिव्यासमोर डोक्यावर टोपी घालून उभे राहिले, मनुकांच्या शरबतावर प्रार्थना म्हटली, आम्हा सगळ्यांच्या हातांची चुंबनं घेतली, आणि शनिवारी सकाळी भोंगा वाजला की डबा घेऊन कामावर गेले. आईने एकदा हळूच विषय काढला होता. बाबा म्हणाले, "देवाला माझी पाळी ठाऊक आहे." विषय संपला.

आई मात्र सगळं पाळायची, पण तिचं पाळणं कधी कुणाच्या अंगावर आलं नाही. मटण नारळाच्या दुधात शिजायचं, कारण मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध आम्हाला चालत नाही. मासा खवल्यांचाच यायचा. कोलंबीचा वास समोरच्या तावडेकाकूंच्या खोलीतून यायचा तेव्हा आई नाक मुरडायची नाही, नुसती म्हणायची, "काकूंचं कालवण झालं वाटतं." आमच्या दाराच्या चौकटीवर मेझुझाची, म्हणजे आत शास्त्रातल्या ओळींची गुंडाळी असलेली, तिरपी नळी ठोकलेली होती. शेजारीपाजारी आत येताना तिला हात लावून तो कपाळाला टेकवायचे. त्यांना आत काय लिहिलंय ते माहीत नव्हतं, आम्हालाही धड नव्हतं. तावडेकाकू मालवणच्या. गणपतीत त्या मोदक करायच्या आणि नैवेद्य दाखवायच्या आधी चार मोदक झाकून बाजूला ठेवायच्या, कारण देवाला दाखवलेलं आम्हाला चालत नाही हे आईने त्यांना कधीतरी सांगितलं होतं. त्यानंतर एकही वर्ष त्या विसरल्या नाहीत. मला धर्माबद्दल जे काही आदराने बोलावंसं वाटतं ते त्या झाकलेल्या चार मोदकांपाशी संपतं.

गिरण्यांचा संप सुरू होऊन गिरणी बंद पडली तेव्हा पहिले काही महिने चाळ जत्रेसारखी होती. सगळे पुरुष दिवसा घरी. गॅलरीत पेपर, पत्ते, सभांच्या गप्पा. मग पत्ते मळले आणि माणसंही. कुणी गावी गेलं, कुणी भाजीची पाटी घेऊन बसलं. भोंगा वाजायचा बंद झाला तरी बाबा साडेपाचला उठून खाटेवर बसायचे आणि कुठे जायचं ते न कळून बसूनच राहायचे. आमच्याकडे मटण बंद झालं, मग तारल्या, मग तारल्यांचंही नुसतं पातळ सार. संपाने आम्हाला शनिवार परत दिला, सोबत बाकीचे सहा दिवसही दिले.

शाम्याला याच सुमारास कुणीतरी भायखळ्याकडच्या आमच्या मशिदीत नेलं. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. तिथे परदेशातून एक तरुण गुरुजी आले होते आणि संध्याकाळी मुलांचा वर्ग घ्यायचे. वर्गानंतर चहा आणि बिस्किटं असायची. पहिले दोन आठवडे माझा भाऊ बिस्किटांसाठी गेला असं मला अजूनही वाटतं. मग तो बदलला. दाढी वाढवली, टोपी चोवीस तास डोक्यावर राहू लागली, आणि एका सकाळी त्याने सांगितलं की त्याचं खरं, हिब्रूतलं नाव शिमशोन आहे आणि सर्वांनी तेच म्हणावं. बाबांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "कोण शिमशोन?" गॅलरीतून दुसऱ्या दिवशी हाक आली, "ए शिमशोन, शाम्याला सांग नळाला पाणी आलंय."

हसण्यावारी गेलं असतं तर बरं झालं असतं. पण साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाला कापडातला एकेक तुटलेला धागा दिसायची सवय असते, आणि आता त्याच्यासमोर कापड नव्हतं, आम्ही होतो. आईचे टोप त्याने उलटेपालटे करून पाहिले. जन्मात कधी दूध आणि मांस एकत्र न केलेल्या बाईला तो विचारू लागला, "पण पळी वेगळी आहे का?" आईने वेगळी पळी आणली. मग सुरी. मग तावडेकाकूंच्या कपातून चहा प्यायचा नाही. त्या वर्षी गणपतीत काकू झाकलेले मोदक घेऊन आल्या तेव्हा त्याने दारातच हात आडवा केला.

"काकू, हे आता आम्हाला चालत नाही."

"अरे, दाखवूच्या आदीचे आसत. बाजूक काढलेले."

"तरी नाही चालत. तुमची भांडी चालत नाहीत."

काकू ताटली धरून उभ्या राहिल्या. त्यांना राग आला नाही, त्या गोंधळल्या. जणू इतकी वर्षं त्यांच्या हातून काही चूक होत होती आणि कुणी सांगितलं नव्हतं. आई मागून पुढे आली, ताटली घेतली, "चालतात, द्या," म्हणाली. पण ते मोदक मग घरात कुणी खाल्ले नाहीत. मीही नाही. मी का नाही खाल्ले याची मला आजवर लाज वाटते. भावाच्या तोंडासमोर दोन खायला हवे होते.

मी मॅट्रिक होऊन टायपिंग शिकले होते. टायपिंगची नोकरी कुणी दिली नाही, दादरला एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर लागले. दादरची दुकानं सोमवारी बंद, आणि शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मुलाखतीत मी शेठना भीतभीत सांगितलं की आमच्यात शनिवार पाळतात. शेठ म्हणाले, "पाळ ना, आमच्या घरी पण पाळतात. साबुदाणा खायचा आणि कामाला यायचं." त्यांना वाटलं मारुतीचा उपास. मी समजावत बसले नाही.

घरी मात्र समजवावं लागलं. बाबा खाटेवर, आई तांदूळ निवडत, आणि शिमशोन भिंतीला टेकून.

"शनिवारी काम करणार तू?"

"शनिवारी नाही गेले तर शेठ सांगेल, कायमचीच घरी बस."

"शनिवारची कमाई या घरात नको."

"बाबा सव्वीस वर्षं शनिवारी साच्यावर उभे होते. त्याच भातावर वाढलास."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"आता माहीत झालंय ना? मग काढ बाहेर तो भात."

"मिलू, पुरे," आई म्हणाली. पुरे नेहमी मलाच सांगितलं जायचं.

त्याला स्वतःला दोन ठिकाणी काम मिळत होतं, एकदा कुरिअरकडे आणि एकदा औषधांच्या गोदामात. दोन्हीकडे तो आधी शनिवारची सुटी मागून आला, आणि ती न मिळाल्याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन परत आला. माझ्या पगारातला शनिवार कुठला आणि बुधवार कुठला हे काही त्याला वेगळं काढता येईना. शेवटी त्याने ठरवलं की शनिवारी घरी जेवायचं नाही, गुरुजींकडे जेवायचं. बाकी सहा दिवस माझा पगार पवित्र होता. आई त्याला सगळ्यांच्या आधी वाढायची.

मी आज हे लिहितेय तेव्हा माझ्या लक्षात येतं की मलाही त्या दिवसांत एक गोडी लागली होती. संध्याकाळी दमून यायचं, पायांना सूज आलेली दाखवायची आणि तो समोर पोथी उघडून बसलेला पाहायचा. माझ्याजवळ पोथी नव्हती, पण मी त्याच्याहून चांगली आहे हा माझा रोजचा पाठ होता, आणि मी तो कधी चुकवला नाही.

बाबांना साखरेचा आजार जडला तो याच काळात. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं, सकाळी गोळी घेतली की अर्ध्या तासात खायचं, उपाशी राहायचं नाही. हे आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं होतं. शिमशोनही तिथे होता.

आमच्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस दारफळणीचा, बाकीचे ज्यू ज्याला योम किप्पूर म्हणतात. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. जुन्या रीतीप्रमाणे घराची दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, परक्याशी बोलायचं नाही, वर्षभराच्या चुका आठवायच्या. शनिवार मोडणारे बाबाही हा एक दिवस मोडत नसत. मीसुद्धा नाही. त्या वर्षी तो नेमका शनिवारीच आला. दसरा दोन दिवसांपूर्वी होऊन गेला होता आणि चाळीच्या दारांवर झेंडूची तोरणं सुकत होती. शेठकडून मी रजा मागून घेतली.

शुक्रवारी दुपारी मी आईला म्हटलं, बाबांनी उपास करायचा नाही. शिमशोन अंघोळ करून केस पुसत होता. तो बाबांसमोर जाऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "जन्मभर शनिवार मोडलेत, बाबा. हा एक दिवस तरी धरा." त्याच्या आवाजात दटावणी असती तर बाबांनी त्याला उडवून लावलं असतं. पण त्यात विनवणी होती. बाबांनी मान हलवली.

तो खाली गेल्यावर मी बाबांशी भांडले. ते म्हणाले, "करू दे गं त्याला. गिरणी गेल्यापासून त्याच्याकडे दुसरं आहे काय? एक दिवसाने मला काय होतंय?"

सकाळी उजाडताच तो पायी मशिदीकडे निघाला. निघताना त्याने स्वतः बाबांच्या हातावर गोळी ठेवली. "ही औषध आहे, चालेल. पाण्याशिवाय गिळा." इतकं धर्मशास्त्र त्याला आलं होतं. गोळी चालेल आणि घास नाही. बाबांनी ती कोरडीच गिळली. मला तिथेच हात धरायला हवा होता. मला वाटलं, थोड्या वेळाने आईला पटवू, तो येईपर्यंत काहीतरी खाऊ घालू. पण आई डोळे मिटून बसली होती आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि त्या पांढऱ्या कपड्यांच्या, बंद दाराच्या खोलीत मला पहिला शब्द काढायचं धाडस झालं नाही. बाहेर गॅलरीत बायका बोलत होत्या, कुणीतरी रेडिओ लावला होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. आमच्या खोलीत स्टोव्ह थंड, पाण्याचा माठ पालथा.

अकराच्या सुमारास बाबांना घाम फुटला. मला उकाड्याचा वाटला. मी पंख्याने वारा घालत बसले. मग त्यांचे हात थरथरू लागले, आणि पाहता पाहता ते हात हवेत काहीतरी करू लागले. अंगठा आणि पहिलं बोट जोडून, साच्याच्या धोट्यात धागा ओवल्यासारखं. "धोटा अडकलाय," ते म्हणाले. "मास्तरला बोलव. धोटा अडकलाय." आईने त्यांचा हात धरला तर त्यांनी झटकला आणि तिला खात्यातल्या कुठल्याशा माणसाच्या नावाने हाक मारली.

मी दार उघडायला उठले आणि तेवढ्यात ते बाहेरूनच उघडलं. दुपारच्या प्रार्थनेच्या मधल्या सुटीत शिमशोन घरी आला होता. लालबागपर्यंत उन्हात, उपाशीपोटी चालत. का, तर आम्ही नीट पाळतोय ना ते बघायला.

"बाजूला हो," मी म्हटलं. "बाबांना बरं नाही."

त्याने बाबांकडे पाहिलं. मी त्याच्या बाजूने एवढंच सांगेन की त्याचा चेहरा उतरला. पण तो दारातून हलला नाही. "उपासाने असं होतं थोडं. सहा-सात तास राहिलेत."

मी त्याच्या काखेखालून गॅलरीत निसटले आणि तावडेकाकूंना हाक मारली. काकू पदराला हात पुसत आल्या, आमच्या उंबऱ्यातून नुसतं आत पाहिलं आणि म्हणाल्या, "साखर उतरली हा तेंची. माझ्या सासऱ्याक असाच होयचा. गोड पोटात जाऊक व्हया, आत्ताच्या आत्ता." घरी जाऊन त्यांनी आपल्या चहाच्या कपात साखर ओतली, ढवळत ढवळतच परत आल्या.

"काकू, आज आमच्या घरात बाहेरचं अन्न येत नाही," माझा भाऊ म्हणाला.

"अन्न खय आसा रे? चाय आसा," काकू म्हणाल्या आणि कप माझ्या हातात दिला.

"मिलू, हे आत आणलंस तर मी या घरचा नाही."

मी त्याला ओलांडून आत गेले. बाबांच्या पाठीखाली हात घालून त्यांना बसतं केलं आणि कप ओठांना लावला. त्यांनी दात घट्ट मिटले. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आई कोण ते कळत नव्हतं, पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की होती. "शाम्याला सांगितलंय," ते दातांतून म्हणाले. "शाम्याला सांगितलंय मी." चहा त्यांच्या हनुवटीवरून सदऱ्यावर सांडला.

तेव्हा आईने माझ्या हातातून कप घेतला. लहानपणी टायफॉइडमध्येही जिने हा दिवस सोडला नव्हता, आम्हा दोघांच्या वेळी पोटुशी असतानाही सोडला नव्हता, ती माझी आई. तिने शिमशोनकडे पाहिलं, कप तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला. आम्हाला ऐकू येईल असा गिळला. मग कप बाबांपुढे धरून म्हणाली, "मी प्यायले. शाम्याने पाहिलंय. आता तुम्ही घ्या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग लहान मुलासारखं तोंड उघडलं. काकूंनी आणखी एक कप आणला, मग पेज आणली. अर्ध्या तासात बाबा माणसात आले आणि विचारू लागले की दार का उघडं आहे. शिमशोन तोवर निघून गेला होता, परत मशिदीकडे. संध्याकाळची प्रार्थना त्याने चुकवली नाही.

दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी आमच्यात लोक एकमेकांकडे जातात. मशिदीतले म्हातारे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, जिना चढून आमच्याकडे आले. पोट भरायला ते पुस्तकांची बांधणी करायचे, बोटांना कायम खळ लागलेली असायची. माझा भाऊच त्यांना घेऊन आला होता, न्याय करायला. त्याने सगळं सांगितलं, खरं सांगितलं, काही लपवलं नाही. हजानसाहेबांनी आईने दिलेला चहा पिऊन बशी खाली ठेवली.

"तुझ्या बापाने खाल्लं ते शास्त्राला धरून आहे," ते म्हणाले. "आजाऱ्याला उपास नाही. तू अडवलंस ते पाप. हे तुला पहिल्या दिवशी शिकवायला पाहिजे होतं."

मला वाटलं, आता हा बापाच्या पायावर डोकं ठेवील. शिमशोन म्हणाला, "पण आई आजारी नव्हती."

"तिचा हिशेब ठेवायला तुला कुणी नेमलंय?" असं म्हणून हजानसाहेब उठले, आईला नमस्कार केला आणि जिना उतरून गेले.

माझ्या भावाने त्यातून घेतलं ते एवढंच, की बाबांचं चालतं आणि आईचं चालत नाही. पुढचे कित्येक आठवडे तो हे आईला सांगत राहिला. तिने पाच उपास करावेत असं त्याने गुरुजींना विचारून ठरवलं. आणि आईने केले. मी तिला म्हटलं, "तुला लाज वाटत नाही?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "उपासाने माझं काय जातंय? त्याला घरात बसता आलं पाहिजे." या घरात सगळ्यांनी मिळून एका धडधाकट माणसाला सांभाळायचं ठरवलं होतं, फक्त मला विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तो इस्रायलला गेला. जाताना दाराच्या नळीला हात लावला, बाबांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "आईबाबांकडे बघ." जसं काही आजवर तोच बघत होता. बाबांनी शिवाजी पार्कला एका इमारतीत वॉचमनची नोकरी धरली, शनिवार-रविवार दोन्ही. तीन वर्षांनी ते गेले. आमच्यात प्रेत ठेवत नाहीत, त्याच दिवशी माती देतात, त्यामुळे त्याला यायचा प्रश्नच नव्हता. त्याचं पत्र आलं. तिथे तो रोज बापाच्या नावाने कद्दिशची प्रार्थना म्हणतोय, मुलाचं कर्तव्य पार पाडतोय, असं त्यात होतं. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात ज्या रात्री मी जागून काढल्या... नाही, ते लिहीत नाही. बाबांचं आजारपण त्याचा विषय नव्हता.

आईला वाटायचं तो येईल आणि तिच्या हातचं खाणार नाही. भांड्यांवरून. म्हणून तिने लालबागच्या बाजारातून दोन नवे टोप, पळी, चार ताटं आणली, कधी वापरली नाहीत, एका जुन्या चादरीत बांधून खाटेखाली ठेवली. दर वर्षी ती सोडून धुवायची, पुसायची, पुन्हा बांधायची. मी तोवर दुकानात वरच्या माळ्यावर सिल्कला गेले होते. लग्नाचं जमलं नाही. एक स्थळ शनिवारची नोकरी सोडायची अट घेऊन आलं, दुसरं इस्रायलला जायची. आईला कुठे ठेवायचं हे दोघांनीही विचारलं नाही.

तो अकरा वर्षांनी आला. मी दार उघडलं तर समोर एक जाडसर माणूस अर्ध्या चड्डीत, दाढी साफ, डोक्यावर काही नाही. आईने पाठीवरून हात फिरवला आणि मग नव्या टोपातला रावस, नव्या टोपातला भात त्याच्यापुढे नव्या ताटात वाढला. सांगितलंही, "सगळं वेगळं आहे. तुझ्यासाठीच ठेवलंय."

"कशाला, आई?" तो घास घेत म्हणाला. "ते सगळं मी केव्हाच सोडलं. तिथे कोण एवढं बघतंय?"

आईचा हात पळीवरच राहिला. "शनिवारी मशिदीत जात नाहीस?"

"शनिवारी कामाला असतो. फॅक्टरीत शनिवारचा पगार जास्त मिळतो. घर चालवायचं असतं ना."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने माझ्याकडे पाहावं, एकदा तरी पाहावं, म्हणून. तो काटे काढत होता. अकरा वर्षं मी काय काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं, वाक्यंच्या वाक्यं पाठ होती. मी तोंड उघडलं आणि आईने, त्याच्याकडे बघत बघतच, माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मिलू," ती म्हणाली, "त्याला भात वाढ."

मी वाढला. वाढत राहिले. तो काही पुरे म्हणेना.